लांबच्या मुलखातली भुतं

रविवारी सकाळी दहा वाजले की नंदिनीबाई हेर्लेकरांच्या घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, आणि गॅलरीतल्या खुर्चीवर नंदिनीबाई. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं दोनच, त्या आणि त्यांचे यजमान गुरुप्रसाद. त्यामुळे आवाज करायला तसं कुणी नव्हतंच. तरी गुरुप्रसाद त्या वेळेला पेपरची घडीसुद्धा जपून उलगडायचे. दहाला क्रांतीचा फोन यायचा. ऑस्ट्रेलियातून.

क्रांती ही त्यांची एकुलती एक मुलगी. जनावरांची डॉक्टर. गडहिंग्लजला वर्षभर सरकारी दवाखान्यात काम केलं, मग परीक्षा देत देत क्वीन्सलंडच्या पार आतल्या भागातल्या एका लहान गावात जाऊन पोचली. तिथं एकेक गुरांचा फार्म असा, की त्यात आख्खा भुदरगड तालुका मावावा. क्रांती जीप काढायची आणि एकटीच शेकडो मैल हिंडायची. फोनला रेंज गावात तेवढी, गाव सोडलं की नाही. म्हणून रविवार ठरलेला. इतर सहा दिवस नंदिनीबाई कशाबशा काढायच्या.

काळजी हा त्यांचा जुनाच स्वभाव. गुरुप्रसाद बँकेत होते तेव्हा यायला अर्धा तास उशीर झाला, तर या जिन्यात येऊन उभ्या. पण या काळजीचं आणखी एक अंग होतं आणि ते फार थोड्यांना ठाऊक होतं. एके काळी नंदिनीबाई भुताच्या गोष्टी लिहायच्या.

तेव्हा भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं गल्लीबोळात होती. तिथं पातळ कागदाची, भडक कव्हरांची पुस्तकं दोरीला टांगलेली असायची, आणि त्यात ‘न. गु. हेर्लेकर’ या नावाला चांगला उठाव होता. वाचकांना वाटायचं हा कुणी पुरुष आहे. पत्रं यायची ती ‘माननीय महोदय’ अशी सुरू व्हायची. नंदिनीबाई ती पत्रं वाचून हसायच्या आणि पोळ्या लाटायला जायच्या.

पहिली गोष्ट त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिली होती. गारगोटीच्या रस्त्यावरची एक विहीर आणि तिच्याकाठी दिसणारी बाई. मासिक बाजारात आलं आणि आठवड्यात तिघं जण दारात. आमच्या सुनेवर लिहिलंय म्हणाले. नंदिनीबाईंना त्या सुनेचं नावही माहीत नव्हतं. चहा पिऊन, आरडाओरडा करून पाहुणे गेले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सासूबाई कमी बोलायच्या. म्हणाल्या, “लिहायचं तर लिही. पण आपल्या मुलखातलं भूत नको. लांबचं घे. ज्याचे पाहुणे आपल्या दारात येणार नाहीत असं.”

मग नंदिनीबाईंनी लांबचं घेतलं. गुरुप्रसादांना क्रिकेटचं वेड. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे ते ऑस्ट्रेलियातली कॉमेंट्री लावायचे, त्यातून ते नाव कानात बसलेलं. पापाच्या तिकटीजवळ रद्दीच्या एका दुकानात त्यांना इंग्रजी गोष्टींची दोनतीन जुनी पुस्तकं मिळाली, तीही तिकडचीच. सोनं शोधायला रानात गेलेली माणसं, वाट चुकलेली मुलं, एकट्या झोपडीतल्या बाया. लिहिणारी नावं कुणी कधी ऐकलेली नव्हती. काहींच्या नावाजागी नुसती आद्याक्षरं. शाळेचा नकाशा पुढ्यात ठेवून नंदिनीबाईंनी गावांची नावं घेतली आणि आपली भुतं तिकडं पाठवली. कुणाचं काही बोलणं आलं नाही. दहाबारा वर्षं हे चाललं. मग भाड्याच्या पुस्तकांची दुकानं एकेक करून मोबाइलची दुकानं झाली. प्रकाशक वारले. क्रांती लहान होती. लिहिणं थांबलं ते थांबलंच. कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

आणि मुलगी नेमकी तिकडंच गेली.

“एवढी मोठी पृथ्वी पडली होती,” नंदिनीबाई म्हणायच्या, “हिला तेच गाव सापडलं.”

क्रांतीला मात्र त्याची गंमत वाटायची. तिच्या गावात एका खोलीची लायब्ररी होती. तिथं तिला जुन्या भुताच्या गोष्टींचा एक जाड संग्रह मिळाला. शे-सव्वाशे वर्षांमागच्या बाया. कुणी मेंढपाळाची बायको, कुणी पोस्टमास्तरीण. पोरांना झोपवून लिहायच्या, पुरुषी नावानं छापायच्या आणि विसरल्या जायच्या. “आई, तुझ्या सगळ्या बहिणी इथं आहेत की गं,” क्रांती म्हणाली. तेव्हापासून रविवारच्या फोनला नवाच रंग आला. जेवलीस का, थंडी आहे का, हे उरकलं की क्रांती एक गोष्ट सांगायची. इंग्रजी वाचायची आणि आपल्या कोल्हापुरीत सांगायची. मेंढपाळाची बायको तिच्या तोंडी “आता गं बया” म्हणायची. नंदिनीबाई डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, “इथं घाई केली बघ लेखिकेनं.”

मार्चमधल्या एका रविवारी अशीच गोष्ट रंगली होती. दुष्काळ पडलाय. मेंढरं सगळी मरून गेलीत. मेंढपाळ धान्य आणायला गावात गेलाय आणि त्याची बायको एकटी झोपडीत. दिवस बुडाला की रोज मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत वाजत वाड्याकडं येतात. दिसत काहीच नाही. बाई रोज उठून फाटक उघडते, घंटा आत येतात, ती फाटक लावते. सवयच झाली म्हणा. आणि एके दिवशी घंटांच्या मागून नवऱ्याची शीळ ऐकू येते.

“मग?” नंदिनीबाई म्हणाल्या.

“मग काय, ती फाटकापाशी—” आणि फोन कट झाला. पुन्हा लागला नाही. नंतर क्रांतीचा मेसेज आला: नेट गेलं, पुढचं पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. नंदिनीबाईंनी फोन उलटा केला, सुलटा केला. मेसेज टाकला. एकच बरोबरची खूण आली, दुसरी येईना.

“रेंज नसेल,” गुरुप्रसाद म्हणाले.

“रविवारी ती गावात असते.”

“झोपली असेल.”

“तिथं दुपारचे तीन वाजायला आलेत.”

गुरुप्रसादांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. नंदिनीबाईंनी फोनवर तिकडच्या बातम्या उघडल्या आणि तिथंच चूक झाली. क्वीन्सलंडमध्ये पाऊस. नद्यांना पूर. तपकिरी पाण्यात छपरापर्यंत बुडालेली एक जीप. ती क्रांतीची नव्हती, तिची पांढरी, ही निळी. तरी नंदिनीबाईंनी तो फोटो मोठा करून करून बघितला.

दुसरी एखादी आई असती तर तिची काळजी आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींपाशी थांबली असती. नंदिनीबाईंना तिथं मरण्याचे सतरा प्रकार तोंडपाठ होते, आणि त्यांतले निम्मे त्यांनी स्वतःच रचलेले होते. हाका ऐकून रानात शिरलेला सर्वेक्षक. पाणवठ्यात आपलंच तोंड बघत बसलेली मुलगी. गाडीचं चाक मोडलं म्हणून चालत निघालेला आणि फिरून फिरून त्याच चाकापाशी येणारा सोनं शोधणारा. तेव्हा लिहिताना त्यांना किती मजा वाटली होती! त्या मुलीला पाण्यात ओढताना त्यांनी शेजारी ठेवलेले शेंगदाणे खाल्ले होते. आता ती मुलगी वळून वर बघायची आणि तिला क्रांतीचं तोंड असायचं.

बाराच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या आक्का वर आल्या. आक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, मुलाबरोबर शहरात आलेल्या, आणि बोलणं असं की तिसऱ्या मजल्यापर्यंत जावं. हातात मिरचीच्या खरड्याची वाटी.

“वैनी, जेवला न्हाईसा अजून? तोंड का असं केलासा?”

“क्रांतीचा फोन नाही आला.”

“मग? आमचा धाकटा पुण्यासनं म्हैना म्हैना फोन करत न्हाय. मी जेवत न्हाय व्हय?”

“तिकडं पूर आलाय, आक्का.”

आक्कांचा आवाज एकदम खाली आला. पुराचं कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. “मग त्येंच्या हापिसात लावा की फोन. बसून काय हुतंय?”

हे कुणालाच सुचलं नव्हतं. क्रांतीच्या दवाखान्याचा नंबर तिच्या जुन्या मेलमध्ये सापडला. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद, पण तातडीच्या कामाला दुसरा नंबर होता. तो शॅरन नावाच्या बाईनं उचलला. नंदिनीबाईंचं इंग्रजी त्या रद्दीतल्या पुस्तकांवर वाढलेलं. त्यांनी अत्यंत अदबीनं, शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाचं वाक्य जुळवून, आपल्या कन्येची खबर विचारली.

शॅरन मोकळी बाई होती. क्रांती शुक्रवारी एका फार्मवर गेली आहे, ती म्हणाली. गाई तपासायच्या होत्या. मग पाऊस आला, टॉवर पडला, रस्ता बंद. तिथली माणसं चांगली आहेत. काळजी करू नका, ती तिथंच असेल.

“आपण तिच्याशी बोललात?”

“नाही. फोनच बंद आहेत ना तिथले.”

“मग ती तिथंच आहे, हे कशावरून?”

पलीकडं क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आपल्या गोष्टींमध्ये नंदिनीबाईंनी अशा जागा किती वेळा पेरल्या होत्या! प्रश्न विचारायचा, समोरच्याला गप्प ठेवायचं, आणि वाचकाच्या पोटात गोळा आणायचा. आता तो गोळा त्यांच्या पोटात आला आणि तिथंच बसला.

“मी रेडिओवरून कुणाला विचारता येतं का बघते,” शॅरन म्हणाली. तिचा आवाज आता मघासारखा नव्हता.

दुपार तशीच गेली. आक्कांनी बळंच दोन घास भरवले. तीनदा शॅरनला फोन झाला. अजून निरोप नाही. चौथ्यांदा लावायला निघाल्या तेव्हा गुरुप्रसादांनी हात धरला. “त्या बाईला काम करू दे, नंदिनी.”

दिवस कलला. समोरच्या इमारतीवरची पाखरं ओरडून ओरडून गप्प झाली. नंदिनीबाई गॅलरीतून उठेनात. गुरुप्रसाद आत-बाहेर करत होते. शेवटी स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “ती मेंढरांची गोष्ट. तिचं पुढं काय होतं?”

नंदिनीबाईंनी वळून बघितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. या माणसानं त्यांची एकही गोष्ट वाचली नव्हती. कारण साधं होतं, गुरुप्रसाद भुताला भ्यायचे. पुस्तक छापून आलं की ते कव्हर बघून “छान आहे” म्हणायचे आणि उलटं करून ठेवायचे.

“तुम्हाला कुठून माहीत ती गोष्ट?”

“तू फोन मोठ्यानं लावतेस. मला आत ऐकू येतं सगळं.”

“पुढचं मला माहीत नाही. क्रांती सांगणार होती.”

“तू असतीस तर काय केलं असतंस?”

आपलं मन दुसरीकडं लागावं म्हणून ते विचारतायत, हे त्यांना कळत होतं. तरी त्या सांगायला लागल्या. आधी तुटक तुटक. मग आवाज स्थिरावत गेला.

“ती बाई फाटकापाशी उभी आहे. घंटा जवळ येतायत. आणि मागून शीळ. तिच्या नवऱ्याचीच, दोनदा आखूड, एकदा लांब. आता घंटा कुणाच्या, तर मेलेल्या मेंढरांच्या. मग त्यांच्या मागून येणारा कोण? तिला कळतं. तो वाटेत कुठंतरी मेला. रोज ती फाटक उघडायची, मेंढरांना ती भीत नव्हती. पण आज तिचा हात उचलत नाही. ती मागं फिरते, झोपडीत जाते, दाराला कडी घालते, आणि कानांत लुगड्याचे बोळे कोंबून बसते.”

“तिथं लुगडं कुठलं,” गुरुप्रसाद म्हणाले, पण हळूच.

“शीळ वाजत राहते. मग हाक. मग दारावर थाप. मग नुसतं खरवडल्याचा आवाज. उजाडायच्या आत सगळं थांबतं. ती दार उघडते.” नंदिनीबाई थांबल्या. गोष्ट कुठं चालली आहे ते त्यांना आताच दिसलं होतं आणि तिथं जाऊ नये असं वाटत होतं. पण हात धरून कुणी नेल्यासारख्या त्या गेल्याच. “दारात नवरा पडलेला. ओठ तहानेनं फुटलेले. शरीर अजून कोमट. तो जिवंतच आला होता. तिच्याच दारात, तिनं उघडलं नाही म्हणून मेला.”

गुरुप्रसाद उठले आणि घरातले सगळे दिवे लावून आले. परत येऊन बसले तेव्हा नंदिनीबाई तोंडात पदर धरून रडत होत्या. “हे कसलं सुचलं मला,” त्या म्हणत होत्या. “आजच्या दिवशी हे कसलं अभद्र सुचलं.”

गुरुप्रसादांनी काही समजावलं नाही. ते त्यांना कधी जमलंही नव्हतं. जवळ बसून राहिले.

सोमवारी सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला.

“आई, मी. अगं, बरी आहे मी. एकदम बरी.”

गुरुप्रसादांनी गॅस बंद केला. क्रांती भराभर बोलत होती. फार्मवरच होती. टॉवर पडला, वीज गेली, त्यात दोन गाई अडलेल्या, सगळी रात्र गोठ्यात गेली. आज शेजारच्या फार्मवाल्यानं हेलिकॉप्टरनं येऊन इंटरनेटची पेटी आणली, त्यावरून बोलतेय. शॅरननं तर सगळ्या मुलखात रेडिओवर दवंडी पिटली, डॉक्टरची आई शोधतेय म्हणून.

“हसतेस काय,” नंदिनीबाई कशाबशा म्हणाल्या. “शुक्रवारपासून एका जागी होतीस, तर—”

“एका जागी कुठली? काल निघाले होते की मी.” बोलायचं नव्हतं ते क्रांती बोलून गेली होती.

“निघाली होतीस? पुरात?”

“जाऊ दे गं.”

“क्रांती.”

तिकडून मोठा श्वास ऐकू आला. “रविवार होता ना. दहाला तू बसणार. फोन नाही आला की तुझं काय होतं ते मला माहीताय. ते लोक थांब म्हणत होते, मी म्हटलं, नाही, मला गावात पोचायलाच पाहिजे. वाटेत एक ओढा. पाणी वाहत होतं, पण फार वाटत नव्हतं. अर्धा तास नुसती बघत उभी राहिले. मग घातली गाडी. पुढची चाकं आत गेली आणि गाडी बाजूला सरकली. म्हणजे मी नाही वळवली. पाण्यानंच सरकवली. कशी रिव्हर्स घेतली मला आठवत नाही. परत आले फार्मवर.”

नंदिनीबाईंनी फोन गुरुप्रसादांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेर बापलेकीचं बोलणं चाललं होतं. गुरुप्रसाद तिला गाईंबद्दल विचारत होते. वासरं जगली का. एक जगलं, एक नाही. नंदिनीबाईंना कालची खुर्ची दिसत होती, गॅलरी, हातातला फोन. आपण इथं बसलो होतो, आणि तिकडं ही पोर ओढ्याकाठी उभी राहून घड्याळ बघत होती.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि फोन मागून घेतला.

“ऐक. रविवारचा फोन बंद.”

“आई, रागावू नकोस ना.”

“रागावले नाही. बंद म्हणजे बंद. तुला जमेल तेव्हा कर. मंगळवारी कर, पंधरा दिवसांनी कर. मी वाट बघणार नाही.”

“तू वाट बघणार नाहीस?” क्रांतीला हसू आवरेना.

“बघीन. पण तुला सांगणार नाही.”

मग क्रांती म्हणाली, की गोष्टीचा शेवट राहिलाय, सांगू का? पुस्तकात बाई फाटक उघडते आणि बाहेर कुणीच नसतं. एवढंच. नंदिनीबाई म्हणाल्या, “बरंच झालं.” आपला शेवट त्यांनी सांगितला नाही. गुरुप्रसाद तोंड उघडत होते, त्यांना त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.

पुढचा रविवार फार अवघड गेला. दहाच्या आधीच नंदिनीबाई आक्कांकडं खाली गेल्या आणि चटणीच्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या. आक्कांच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडं पाठ करून बसल्या. आक्कांनी सगळं ओळखलं होतं, पण त्या आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत राहिल्या, मोठ्या आवाजात, न थांबता. अकरा वाजून गेल्यावर नंदिनीबाई उठल्या तेव्हा बोटांची आग आग होत होती.

फोन आला तो गुरुवारी. त्या कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी निवडत होत्या. पिशवीत फोन वाजला आणि क्रांतीचं नाव दिसलं. ठरलेल्या दिवशी आला नाही म्हणून भीती, आणि न ठरलेल्या दिवशी आला म्हणूनही भीती.

“काय झालं?” त्या ओरडल्याच. भाजीवालीनं मान वर करून बघितलं.

“काही नाही गं,” क्रांती म्हणाली. “सहजच केला. काय करतेस?”

नंदिनीबाई जुडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “मेथी घेतेय,” त्या म्हणाल्या. “पण पानं जून आहेत. दुसरीकडं बघते.”